ऑफिसच्या नेटवर्कवर सर्व्हरना अलायस नावाने जोडताना : डीएनएसमध्ये नाव दिले, तरी शेअर उघडत नाही

शिरोलीकर :

नमस्कार मंडळी,

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचे नेटवर्क मी सांभाळतो. आमच्या जुन्या फाइल सर्व्हरवर अजून विंडोज सर्व्हर २००८ आहे. त्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवला असल्यामुळे तो बदलणे आता आणखी लांबवता येणार नाही. नवा सर्व्हर येऊन बसला आहे. अडचण यंत्राची नाही, नावाची आहे. जुन्या यंत्राचे नाव 'एसआरव्ही०२' असून ते कारखान्यात सगळीकडे मुरलेले आहे. अकाउंट्सच्या संगणकांवरील मॅप केलेले ड्राइव्ह, पॅटर्न शॉपमधील ड्रॉइंगचे शॉर्टकट, टॅलीच्या डेटाचा मार्ग, क्वालिटी विभागाच्या एक्सेल फायलींमधील आपापसांतल्या लिंक, रात्रीचा बॅकअप घेणाऱ्या बॅच फायली, या सगळ्यांत तेच नाव आहे. नव्या यंत्राला दुसरे नाव दिले, तर ही सर्व ठिकाणे एकेक करून शोधावी लागतील आणि काही वर्षांनी सर्व्हर पुन्हा बदलला की तीच शोधाशोध नव्याने करावी लागेल.

म्हणून असे ठरवले आहे की यापुढे कोणत्याही कर्मचाऱ्याने यंत्राच्या नावाने सर्व्हरशी जोडायचे नाही, कामाच्या नावाने जोडायचे. हिशेबाच्या फायलींसाठी 'हिशेब' आणि डिझाइनच्या फायलींसाठी 'ड्रॉइंग' अशी दोन अलायस (पर्यायी) नावे मी डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या सेवेत, सीनेम रेकॉर्ड (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) करून तयार केली. ती सध्या जुन्याच सर्व्हरकडे वळवली आहेत. आधी सगळ्यांना सावकाश या नावांवर आणायचे आणि बदलाच्या दिवशी फक्त सीनेमचे लक्ष्य बदलायचे, असा बेत आहे.

परंतु येथेच अडलो आहे. 'हिशेब' या नावाला पिंग केले, तर उत्तर येते. एनएसलुकअप या डीएनएस तपासण्याच्या आज्ञेत योग्य पत्ता दिसतो. मात्र त्याच नावाने शेअर (नेटवर्कवर खुला केलेला फोल्डर) उघडू पाहिला, की नेटवर्कवर हे नाव आधीपासूनच आहे अशा अर्थाचा ५२ क्रमांकाचा संदेश येतो. काही संगणकांवर तर यूझरनेम आणि पासवर्ड पुनःपुन्हा विचारला जातो. जुन्या नावाने गेल्यास सर्व काही सुरळीत चालते. नाव जर योग्य पत्त्यावर पोहोचवत असेल, तर सर्व्हरची हरकत नेमकी कशाला आहे, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तरेश्वरकर :

शिरोलीकर साहेब, आपला बेत योग्य आहे आणि आधी जुन्याच सर्व्हरला अलायस देऊन लोकांना त्यावर आणण्याचा क्रमही योग्य आहे. डीएनएसचे काम तेथे पूर्ण झालेले आहे. उरलेले काम सर्व्हरच्या आणि डोमेनच्या (संगणक व खाती एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) बाजूचे आहे.

डीएनएस फक्त पत्ता सांगते. घरावर नवी पाटी लावली, पण आतल्या माणसांना ती सांगितलीच नाही, तर त्या नावाने आलेले पत्र 'येथे असे कोणी राहत नाही' म्हणून परत जाते, तसेच येथे घडते आहे. शेअर उघडताना आपला संगणक ज्या नावाने आला, ते नाव सर्व्हरला कळवतो. सर्व्हरची सेवा ते नाव आपल्या स्वतःच्या नावांच्या यादीत आहे का, हे तपासते आणि नसेल, तर जोडणी नाकारते. हाच आपला ५२ क्रमांकाचा संदेश. त्यातील 'नाव आधीपासून आहे' ही भाषा दिशाभूल करणारी आहे, कारण दुसरे यंत्र कोठेही नसते, आणि त्या भाषेमुळे अनेक जण नेटवर्कवर नसलेला दुसरा संगणक शोधत बसतात.

ही तपासणी सैल करण्यासाठी सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये 'डिसेबल-स्ट्रिक्ट-नेम-चेकिंग' या नावाची डीवर्ड (संख्येची) नोंद करून तिची किंमत १ ठेवतात आणि सर्व्हर ही सेवा पुन्हा सुरू करतात. सेवा पुन्हा सुरू करताना उघड्या फायलींच्या जोडण्या तुटतात, म्हणून हे काम शिफ्ट संपल्यावर करावे.

आता पासवर्ड विचारण्याचा भाग. डोमेनमध्ये ओळख पटवण्याचे मुख्य साधन केर्बेरॉस आहे. आपण 'हिशेब' या नावाने शेअर उघडता, तेव्हा आपला संगणक डोमेन कंट्रोलरकडे (डोमेनमधील ओळख तपासणाऱ्या सर्व्हरकडे) 'हिशेब' या नावाच्या फाइल सेवेचे तिकीट मागतो. डोमेन कंट्रोलर ते नाव कोणत्या खात्यावर नोंदलेले आहे, हे शोधतो. या नोंदीला एसपीएन म्हणतात. 'एसआरव्ही०२' ची नोंद त्या यंत्राच्या खात्यावर आपोआप झालेली असते, 'हिशेब' ची कोठेच नसते. तिकीट न मिळाल्यामुळे संगणक एनटीएलएम या जुन्या पद्धतीकडे वळतो. जेथे ती चालू आहे, तेथे शेअर उघडतो आणि कोणाला काही जाणवत नाही. जेथे धोरणाने ती बंद केलेली आहे, तेथे पासवर्ड विचारला जातो आणि बरोबर पासवर्ड दिला, तरी प्रवेश मिळत नाही. आपल्याकडे काही संगणकांवर एक आणि काहींवर दुसरे दिसते, याचे कारण बहुधा त्या संगणकांना लागू झालेल्या धोरणांतील फरक हे असावे, ते एकदा पाहून घ्या.

उपाय म्हणजे 'सेटएसपीएन -एस होस्ट/हिशेब एसआरव्ही०२' अशी आज्ञा डोमेन अॅडमिनच्या अधिकाराने द्यावी आणि डोमेनसह असलेल्या पूर्ण नावासाठी तीच पुन्हा द्यावी. 'होस्ट' या नोंदीत फाइल सेवा येतेच, तिची वेगळी नोंद लागत नाही. त्यानंतर संगणकावर लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करावे, शेअर उघडावा आणि 'केलिस्ट' ही आज्ञा देऊन अलायसच्या नावाचे तिकीट यादीत आले आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. शेअर उघडला म्हणजे काम झाले, असे कृपया समजू नये. मायक्रोसॉफ्टने जून २०२४ मध्ये एनटीएलएमच्या सर्व आवृत्त्या पुढे विकास न होणाऱ्या सुविधांच्या यादीत टाकल्या आहेत आणि तिची पहिली आवृत्ती विंडोज ११ च्या २४एच२ मधून व विंडोज सर्व्हर २०२५ मधून काढूनही टाकली आहे. आज एनटीएलएमच्या आधारावर गुपचूप चालणारा अलायस एखाद्या अपडेटनंतर बंद पडेल आणि तेव्हा कारण शोधणारा माणूस कदाचित आपण नसाल.

करवीरकन्या :

उत्तरेश्वरकरांनी कारण अचूक सांगितले आहे. मात्र रजिस्ट्रीतील ती नोंद तपासणी पूर्णपणे सैल करते, म्हणजे कोणत्याही नावाने आलेली जोडणी सर्व्हर स्वीकारू लागतो. ते टाळता येत असेल, तर टाळावे, असे माझे मत आहे.

त्याऐवजी 'नेटडॉम कॉम्प्युटरनेम एसआरव्ही०२ /अॅड:' असे लिहून त्यापुढे अलायसचे डोमेनसह पूर्ण नाव द्यावे. या एका आज्ञेने ते नाव त्या यंत्राचे अधिकृत पर्यायी नाव बनते, एसपीएन नोंदले जाते आणि डीएनएसमध्ये नोंद होते. सर्व्हर स्वतःच ते नाव आपले मानत असल्यामुळे तपासणी सैल करावी लागत नाही. '/एन्युमरेट' दिल्यास त्या यंत्राची सर्व नावे दिसतात, हा मोठा फायदा आहे, कारण हाताने केलेल्या नोंदी दोन वर्षांनी कोणाला आठवत नाहीत.

यात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. नेटडॉम डीएनएसमध्ये सीनेम करत नाही, सरळ पत्त्याची ए नोंद करते आणि एका नावावर सीनेम असेल, तर त्याच नावावर दुसरी कोणतीही नोंद ठेवता येत नाही, हा डीएनएसचा मूळ नियम आहे. म्हणून शिरोलीकरांनी आधी स्वतः केलेला सीनेम काढावा आणि मग ही आज्ञा द्यावी.

बदलाच्या दिवशीचा क्रम याहून महत्त्वाचा आहे. जुन्या यंत्रावरून नाव '/रिमूव्ह' ने काढावे, सर्व डोमेन कंट्रोलरपर्यंत तो बदल पोहोचू द्यावा आणि त्यानंतरच नव्या यंत्रावर ते जोडावे. सीनेम आणि हाताने केलेली एसपीएन नोंद वापरणारे लोक डीएनएसचे लक्ष्य बदलतात आणि एसपीएन जुन्याच खात्यावर राहते. मग डोमेन कंट्रोलर जुन्या यंत्राच्या किल्लीने बंद केलेले तिकीट देतो, ते नव्या यंत्राला उघडता येत नाही आणि लक्ष्य खात्याचे नाव चुकीचे असल्याचा संदेश येतो. नोंद अजिबात नसणे परवडते, कारण तेव्हा निदान एनटीएलएमचा आधार मिळण्याची शक्यता असते. चुकीच्या खात्यावर असलेली नोंद त्याहून त्रासदायक ठरते. 'सेटएसपीएन -एक्स' ही आज्ञा एकच नाव दोन खात्यांवर नोंदले गेले असेल, तर ते दाखवते, ती बदलाच्या आधी आणि नंतर जरूर चालवावी.

कळंबेकर :

एवढे सगळे करण्यापेक्षा जुना सर्व्हर बंद करून नव्या सर्व्हरलाच 'एसआरव्ही०२' हे नाव आणि तोच आयपी पत्ता दिला, तर प्रश्न मिटत नाही का? आमच्या पतसंस्थेत आम्ही तसेच केले आणि कोणालाही काही बदलावे लागले नाही.

शिरोलीकर :

कळंबेकर साहेब, एका सर्व्हरच्या जागी एकच सर्व्हर येत असेल, तर आपला मार्ग सर्वांत सोपा आहे, यात शंका नाही. आमच्याकडे मात्र हिशेब एका यंत्रावर आणि ड्रॉइंग दुसऱ्या यंत्रावर जाणार आहेत. जुने नाव दोघांना देता येणार नाही. शिवाय जुना सर्व्हर काही काळ चालू ठेवून दोन्हीकडच्या फायली ताडून पाहायच्या आहेत आणि एकाच नावाची दोन यंत्रे एका डोमेनमध्ये एकाच वेळी राहू शकत नाहीत. खरे तर जुन्या यंत्राच्या नावाला पुढची दहा वर्षे चिकटून राहणे मला मनापासून नको आहे. नवीन मुलगा कामावर आला, की त्याला 'हिशेब' म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. 'एसआरव्ही०२' म्हणजे काय, हे मात्र सांगावे लागते, आणि सांगणारा रजेवर असेल, तर तो चुकीच्या फोल्डरमध्ये काम करत राहतो.

राजारामपुरीकर :

शिरोलीकरांचा हा मुद्दा नेटवर्कच्या क्षेत्रात फार पूर्वीच मान्य झालेला आहे. डीएनएस येण्यापूर्वी सगळ्या यंत्रांची नावे एकाच मजकुराच्या फायलीत असत आणि ती फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. जाळे वाढले, तशी ती अपुरी पडू लागली आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आज आपण पाळतो ते १०३४ आणि १०३५ क्रमांकांचे आरएफसी (इंटरनेटचे नियम व सल्ले मांडणारे दस्तऐवज) १९८७ चे आहेत आणि अलायसची तरतूद त्यांत आहे.

यंत्राचे नाव कसे ठेवावे, यावर १९९० मध्ये ११७८ क्रमांकाचा एक वाचनीय आरएफसी निघाला. यंत्राला त्याच्यावरील प्रकल्पाचे नाव देऊ नये, कारण उद्या तेच यंत्र दुसऱ्या कामाला लागेल, असा सल्ला त्यात आहे. पुढे १९९७ मध्ये २२१९ क्रमांकाच्या आरएफसीने सेवांसाठी डीएनएस अलायस वापरण्याची शिफारस केली. या दोन्ही सल्ल्यांत विरोध नाही. यंत्राला अर्थहीन, कायमचे नाव असावे आणि कामाला अर्थपूर्ण नाव असावे, हा दोन्हींचा मिळून निघणारा अर्थ आहे. त्यामुळे 'एसआरव्ही०५' वगैरे नावांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ती नावे आपल्यासारख्यांसाठी आहेत, वापरणाऱ्यांसाठी नाहीत.

नाव ठरवताना ते १५ अक्षरांच्या आत ठेवावे, कारण नेटबायॉस या विंडोजच्या जुन्या नामपद्धतीची मर्यादा तेवढी आहे. त्यात अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच असावे, अधोरेघ नको. नावात वर्ष, आवृत्ती किंवा मजल्याचा क्रमांक घालू नये, ते बदलले की नाव खोटे ठरते. डोमेनचा शेवट 'डॉट लोकल' असेल, तर त्यातही अडचण येऊ शकते, कारण २०१३ च्या ६७६२ क्रमांकाच्या आरएफसीने तो शेवट मल्टिकास्ट डीएनएससाठी (डीएनएस सर्व्हरशिवाय जवळच्या यंत्रांची नावे शोधण्याच्या पद्धतीसाठी) राखून ठेवला आहे. नव्याने डोमेन उभारणाऱ्यांनी स्वतःच्या नोंदवलेल्या डोमेनचा एखादा उपभाग वापरावा. जुने बदलत बसण्याची घाई करू नये, तो मोठा उद्योग आहे.

इचलकरंजीचा लिनक्सवाला :

फाइल सर्व्हर साम्बावर (लिनक्सवरून विंडोजसारखे शेअर देणाऱ्या प्रणालीवर) असेल, तर एसएमबी कॉन्फ फायलीत 'नेटबायॉस अलायसेस' या ओळीत जादा नावे लिहिता येतात. एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीने) जोडणाऱ्यांसाठी तर डीएनएसचीही गरज नाही. स्वतःच्या होम फोल्डरमधील डॉट एसएसएच या फोल्डरात कॉन्फिग नावाची फाइल असते. तिच्यात 'होस्ट' पुढे आपल्याला हवे ते छोटे नाव आणि खाली 'होस्टनेम', 'यूझर', 'पोर्ट' व किल्लीची फाइल लिहिली, की एका शब्दात जोडणी होते. मात्र हे नाव त्या एका माणसापुरते असते. कार्यालयातील सर्वांसाठी ठरवलेली नावे आणि ही वैयक्तिक नावे सारखी ठेवावीत, नाहीतर फोनवर बोलताना दोघे जण दोन वेगळ्या सर्व्हरविषयी बोलत राहतात.

यड्रावकर :

आमच्या सूतगिरणीचे ईआरपी (सर्व कामकाज सांभाळणारे सॉफ्टवेअर) एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालते. तेथेही सीनेम करून भागेल का? आमच्या जोडणीच्या ओळीत यंत्राच्या नावानंतर तिरपी रेघ आणि इन्स्टन्सचे (यंत्रावरील एसक्यूएलच्या स्वतंत्र प्रतीचे) नाव असे लिहावे लागते.

उत्तरेश्वरकर :

यड्रावकर, सीनेम फक्त यंत्राच्या नावाची जागा घेतो. त्यात पोर्ट क्रमांक किंवा इन्स्टन्सचे नाव बसवता येत नाही. आपल्या ओळीतील तिरप्या रेघेच्या आधीचा भाग अलायस होऊ शकतो, नंतरचा तसाच राहतो. उद्या नव्या सर्व्हरवर इन्स्टन्सचे नाव बदलले, तर अलायस असूनही प्रत्येक संगणकावरील ओळ बदलावी लागेल. म्हणून इन्स्टन्सला ठरावीक पोर्ट देऊन जोडणीच्या ओळीत अलायस, स्वल्पविराम आणि पोर्ट असे लिहावे. नव्या सर्व्हरवर तोच पोर्ट ठेवला, की काम झाले. नाव नसलेल्या मुख्य इन्स्टन्सचा पोर्ट १४३३ असतो. इन्स्टन्सच्या नावाने जोडताना मात्र आधी यूडीपी १४३४ वर ब्राउझर सेवेला विचारावे लागते आणि फायरवॉलमध्ये नेमका तोच पोर्ट बंद असल्याचे अनेकदा आढळते.

एसक्यूएलचा स्वतःचाही अलायस असतो. तो प्रत्येक संगणकावर कॉन्फिगरेशन मॅनेजर किंवा क्लायकॉन्फिग या साधनाने करतात. त्यात पोर्ट आणि इन्स्टन्स दोन्ही लपवता येतात, परंतु ३२ बिट आणि ६४ बिट प्रोग्रामसाठी त्यांच्या नोंदी रजिस्ट्रीत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. ईआरपी ३२ बिट असेल आणि अलायस फक्त ६४ बिटच्या बाजूला केला असेल, तर चाचणीच्या साधनात जोडणी होते आणि ईआरपीत होत नाही. संगणकांची संख्या मोठी असेल, तर हा मार्ग टाळून डीएनएसचाच वापर करावा, असे मी सुचवेन.

पंचगंगातीर :

या धाग्यावर आतापर्यंत अलायसचा विचार सर्व्हर बदलण्याच्या दृष्टीने झाला आहे. कोल्हापुरात तो महापुराच्या दृष्टीनेही करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. नदीच्या उत्तरेला शिरोली आणि दक्षिणेला गोकुळ शिरगाव अशा दोन्हीकडे ज्यांची कामे आहेत, त्यांना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताच येत नव्हते.

आमच्या कंपनीची अशीच दोन ठिकाणे आहेत. मुख्य सर्व्हरच्या फायलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी रोज पोहोचते आणि पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले, की अलायस दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरकडे वळवायचा, असे लेखी ठरलेले आहे. यासाठी तीन गोष्टी पावसाळ्यापूर्वी करून ठेवाव्या लागतात. विंडोज डीएनएसमध्ये नोंदीचा टीटीएल (संगणकाने पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत) सहसा एक तास असतो, म्हणजे लक्ष्य बदलल्यानंतरही संगणक तासभर जुना पत्ता धरून बसू शकतो. आम्ही अलायसचा टीटीएल ५ मिनिटे केला आहे. हा बदल आधीच केलेला असला पाहिजे, कारण ज्या संगणकाने जुना टीटीएल घेतलेला आहे, तो त्याची मुदत संपेपर्यंत थांबतोच.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डीएनएसची झोन (नोंदींचा संच) अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या माहितीच्या साठ्यात) साठवलेली असेल आणि दोन ठिकाणे दोन वेगळ्या साइट म्हणून मांडलेली असतील, तर त्यांच्यातील देवाणघेवाण मुळात दर १८० मिनिटांनी होते. मग टीटीएल ५ मिनिटे ठेवून काय उपयोग? अशा वेळी बदल हाताने पुढे ढकलावा किंवा तो थेट त्या ठिकाणच्या डीएनएस सर्व्हरवर करावा.

तिसरी गोष्ट अशी की डीएनएस सर्व्हर फक्त तळमजल्यावरच्या त्याच खोलीत असेल, तर खोलीचा वीजपुरवठा बंद करताच सगळी नावे एकदम निकामी होतात आणि दुसऱ्या ठिकाणचा निरोगी सर्व्हरही कोणाला सापडत नाही. दुसरा डोमेन कंट्रोलर दुसऱ्या ठिकाणी असावा आणि प्रत्येक संगणकाच्या डीएनएस यादीत त्याचा पत्ता असावा. करवीरकन्या ताईंनी सांगितलेला एसपीएनचा क्रम येथेही पाळावा लागतो, म्हणून ती आज्ञा कागदावर छापून दोन्ही ठिकाणी ठेवलेली आहे.

करवीरकन्या :

पंचगंगातीर यांच्या प्रतिसादाबद्दल त्यांचे मनापासून आभार. त्यात एक भर घालते. अलायस वळवल्यानंतरही जे संगणक आधीच जुन्या सर्व्हरशी जोडलेले आहेत, ते ती जोडणी तुटेपर्यंत जुन्याच सर्व्हरवर लिहीत राहतात. म्हणून वळवण्याच्या क्षणी जुन्या सर्व्हरवरील शेअर बंद करावा किंवा केवळ वाचण्यापुरता ठेवावा. नाहीतर एकाच खतावणीच्या दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि त्या जुळवणे हे पुराइतकेच मोठे संकट असते.

फक्त फायलींचाच प्रश्न असेल, तर डीएफएस नेमस्पेस हा याहून चांगला मार्ग आहे, हेही सांगितले पाहिजे. त्यात मार्ग डोमेनच्या नावाने सुरू होतो आणि फोल्डर प्रत्यक्षात कोणत्या सर्व्हरवर आहे, ते मागच्या बाजूने बदलता येते. एसपीएनची वेगळी नोंदही लागत नाही. परंतु डीएफएस फायलींपुरते आहे. डेटाबेस, अंतर्गत वेबसाइट आणि प्रिंटर यांना त्याचा उपयोग नाही.

राजारामपुरीकर :

अंतर्गत वेबसाइटचा उल्लेख झाला, म्हणून लिहितो. ब्राउझर वेबसाइटच्या ओळखीचे प्रमाणपत्र तपासतो, ते पत्त्याच्या पट्टीत टाइप केलेल्या नावाशी. सीनेमचे लक्ष्य काय आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. त्यामुळे अलायसचे नाव प्रमाणपत्रातील पर्यायी नावांच्या यादीत असलेच पाहिजे. पूर्वी प्रमाणपत्राच्या मुख्य नावावर भागत असे. २०१७ मध्ये आलेल्या क्रोम ५८ पासून ते बंद झाले आहे. वेब सर्व्हरलाही हे नाव सांगावे लागते, अपाचीमध्ये 'सर्व्हरअलायस' आणि एनजिनएक्समध्ये 'सर्व्हरनेम' या ओळीत, नाहीतर भलतीच साइट उघडते. रिमोट डेस्कटॉपने अलायसवर गेल्यास दिसणारी सूचनाही प्रमाणपत्रातील नाव जुळत नसल्याचीच असते. ती सूचना दिसताच होय म्हणण्याची सवय कर्मचाऱ्यांना लागू देऊ नये.

कळंबेकर :

मला अजूनही एक काळजी वाटते. चार अलायस एकाच यंत्राकडे वळवलेले असतील, तर कोणत्या नावाचा अर्थ आज काय आहे, हे फक्त नेटवर्क सांभाळणाऱ्यालाच माहीत असते. तो सोडून गेला, तर? निदान खरे नाव यंत्रावर चिकटवलेले तरी असते.

उत्तरेश्वरकर :

कळंबेकर साहेबांची काळजी रास्त आहे आणि तिला दुर्लक्षून चालणार नाही. अलायस केल्याच्या दिवशीच त्याची नोंदवही करावी. तिच्यात नाव, सध्याचे यंत्र, एसपीएन कोणत्या खात्यावर आहे, टीटीएल, प्रमाणपत्राची मुदत आणि ते नाव कोण वापरते, एवढे असावे. एका अलायसचे लक्ष्य दुसरा अलायस, अशी साखळी करू नये. ती चालते, पण दोष शोधणे फार अवघड करते.

शिवाय संगणकाच्या दृष्टीने एकाच सर्व्हरची दोन नावे म्हणजे दोन वेगळे सर्व्हर असतात. विंडोज एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगळ्या यूझरनेमने जोडू देत नाही, १२१९ क्रमांकाची त्रुटी देते. अलायसने गेल्यास मात्र दुसऱ्या यूझरनेमने आत जाता येते. काही जण याचा मुद्दाम उपयोग करतात. मला ते पटत नाही, कारण त्यामुळे कोणी कोणत्या अधिकाराने फाइल बदलली, हे पुढे सांगता येत नाही.

आणखी एक. शेअरचा मार्ग लिहिताना छोटे नाव वापरायचे की डोमेनसह पूर्ण नाव, हे आधीच ठरवावे. टिंबे असलेले पूर्ण नाव विंडोज बाहेरच्या जगातील मानू शकते आणि मग तेथील एक्सेल फायलींमधील मॅक्रो अडवले जातात. पूर्ण नाव वापरायचे असेल, तर ते ग्रुप पॉलिसीने (डोमेनमधील संगणकांना एकदम लागू होणाऱ्या धोरणाने) लोकल इंट्रानेटच्या यादीत घालावे. मी स्वतः पूर्ण नावाच्या बाजूने आहे, कारण छोटे नाव डोमेनचा शेवट आपोआप जोडला जाण्यावर अवलंबून असते आणि व्हीपीएनवरून आलेल्या संगणकावर तो जोडला जाईलच, असे नसते.

शिरोलीकर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे आधीचे सीनेम काढले आणि नेटडॉमने दोन्ही नावे जुन्या सर्व्हरला जोडली. शेअर लगेच उघडले. केलिस्टमध्ये 'हिशेब' चे तिकीट दिसते आणि पासवर्ड विचारणे पूर्ण थांबले आहे. आता ग्रुप पॉलिसीतून मॅप केलेले ड्राइव्ह एकेका विभागाने नव्या नावांवर आणतो आहे. एक्सेलमधील लिंक मात्र संबंधित विभागांनीच बदलायच्या आहेत, तेथे वेळ लागेल. जुन्या नावाने अजून कोण जोडते आहे, हे कळले, तरच जुना सर्व्हर निश्चिंतपणे बंद करता येईल, म्हणून त्याच्यावरील लॉग रोज पाहतो आहे.

दोन ठिकाणी अजून अडले आहे. बॅकअपची बॅच फाइल सर्व्हरवरच चालते आणि तिच्यात अलायस लिहिल्यावर प्रवेश नाकारला जातो. तसेच सर्व्हरवरचा डिस्पॅच विभागाचा प्रिंटर अलायसने जोडता येत नाही.

करवीरकन्या :

पहिले, सर्व्हरने स्वतःकडेच दुसऱ्या नावाने जाणे विंडोज सुरक्षेसाठी अडवते. रजिस्ट्रीत एलएसएखालील एमएसव्ही१_० येथे 'बॅक-कनेक्शन-होस्ट-नेम्स' ही अनेक ओळींची नोंद करून तिच्यात दोन्ही अलायस, छोटे आणि पूर्ण, लिहावेत. ही संपूर्ण तपासणी बंद करण्याचा उपायही सांगितला जातो, तो करू नये. बॅच फाइल त्याच यंत्रावर चालत असेल, तर तिच्यात सरळ डी ड्राइव्हचा मार्ग लिहिणे सर्वांत सोपे.

दुसरे, प्रिंटरसाठी रजिस्ट्रीत कंट्रोलखालील प्रिंट येथे 'डीएनएस-ऑन-वायर' ही डीवर्ड नोंद १ ठेवावी आणि स्पूलर (छपाईची) सेवा पुन्हा सुरू करावी. नव्या सर्व्हरवरही ही नोंद आठवणीने करावी, नेटडॉम ती करत नाही.

इचलकरंजीचा लिनक्सवाला :

बदलाच्या दिवसापूर्वी सगळ्या संगणकांवरील होस्ट्स फाइल एकदा तपासा. पूर्वी कोणीतरी तात्पुरती सोय म्हणून तिच्यात नाव आणि पत्ता लिहून ठेवलेला असतो. ती फाइल डीएनएसच्या आधी वाचली जाते, त्यामुळे डीएनएसमध्ये काहीही बदलले, तरी तो एक संगणक जुन्याच पत्त्यावर जात राहतो. विंडोजमध्ये ती सिस्टम३२ च्या आत ड्रायव्हर्स आणि त्यात ईटीसी या फोल्डरात असते.

शिरोलीकर :

तपासली. पॅटर्न शॉपच्या दोन संगणकांवर जुना पत्ता निघाला, तो काढला आहे. प्रिंटरही चालू झाला. 'ड्रॉइंग' हे नाव या रविवारी, साप्ताहिक सुट्टीत, नव्या सर्व्हरवर नेतो. 'हिशेब' मात्र मार्चअखेरचे काम आटोपल्यावरच.